याद्या ज्याच्या खिशात

(द्वारका, नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली काही आडवळणे छापताना गाळली आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘सत्ताधारी पक्ष आणि उत्तराधिकार’. नाशकात हा विषय निघाला की वक्त्याने अलीकडच्या फुटींवर बोलावे, चार नावे घ्यावीत, दोन टाळ्या घ्याव्यात आणि चहाला यावे, अशी साधारण अपेक्षा असते. त्या फुटींकडे मी शेवटी येईन, पण थोडक्यातच. मला बोलायचे आहे ते १९६३ ते १९६९ या सहा वर्षांबद्दल. कारण देशाचा पंतप्रधान कोण होणार हे ज्या बैठकांत ठरले, त्यांच्या अवतीभवती या काळात नाशिकचा खासदार होता. एकदा तर त्याचे स्वतःचेच नाव यादीत होते.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकने दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले दादासाहेब, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे. त्या वेळी यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि इथल्या सभांमधून त्यांच्यावर टीकेची झोड उठत होती. सहा वर्षांनी, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, त्याच नाशिकमधून तेच यशवंतराव बिनविरोध निवडून आले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला होता, आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला, चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली त्याच दिवशी, यशवंतराव कृष्ण मेननांच्या जागी संरक्षणमंत्री झाले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण इतके घोटले आहे की त्यामागचा साधा व्यवहार दिसेनासा झाला. मंत्री राहायला संसदेची जागा लागते. ती नाशिकने दिली.

त्याच १९६३ साली वेल्स हँगेन नावाच्या अमेरिकी पत्रकाराचे पुस्तक आले. नेहरूंनंतर कोण, हाच त्याचा विषय आणि हेच शीर्षक. त्यात आठ नावे होती : मोरारजी देसाई, कृष्ण मेनन, लालबहादूर शास्त्री, यशवंतराव चव्हाण, इंदिरा गांधी, जयप्रकाश नारायण, स. का. पाटील आणि चक्क एक सेनाधिकारी, जनरल कौल. जुन्या मुंबई राज्याच्या राजकारणातून वर आलेली माणसे त्यात तीन : मोरारजी, चव्हाण आणि पाटील. या तिघांचे आपसांत किती सख्य होते हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना मी सांगायला नको.

हँगेनच्या यादीत एक नाव मात्र नव्हते. के. कामराज. ते तेव्हा मद्रासचे मुख्यमंत्री होते, १९५४ पासून. विरुदुनगरच्या साध्या घरातला, फारसे शाळेत न गेलेला, अविवाहित, मोजके बोलणारा माणूस. कशाबद्दलही विचारले की ‘पार्क्कलाम’, म्हणजे बघू या, एवढेच त्यांचे उत्तर ठरलेले. पंतप्रधान कोण होईल याचा अंदाज बांधणाऱ्या परदेशी पत्रकाराला हा माणूस दिसला नाही यात नवल नाही, कारण पंतप्रधान होण्याचा त्यांचा विचारच नव्हता. तो कुणाला करायचा, हे मात्र त्यांनी दोन वर्षांत दोनदा ठरवले.

आता कामराज योजनेकडे येतो. शाळेत आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून शिकलो. पक्ष सुस्त झाला आहे, ज्येष्ठांनी मंत्रिपदे सोडून पक्षकार्याला लागावे, ही सूचना. १० ऑगस्ट १९६३ ला ती मान्य झाली. राजीनामे सगळ्यांनी द्यायचे आणि कुणाचे घ्यायचे ते नेहरूंनी ठरवायचे, असा मामला होता. योजनेची खरी कळ या वाक्याच्या उत्तरार्धात आहे. घेतले गेले ते सहा केंद्रीय मंत्र्यांचे आणि सहा मुख्यमंत्र्यांचे. केंद्रातून मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाळी. राज्यांतून स्वतः कामराज, ओरिसाचे बिजू पटनाईक, काश्मीरचे बक्षी गुलाम मोहम्मद, बिहारचे विनोदानंद झा, उत्तर प्रदेशचे चंद्रभानू गुप्ता आणि मध्य प्रदेशचे मंडलोई.

मोरारजी अर्थमंत्री होते. ज्येष्ठतेने आणि आपल्या समजुतीने नेहरूंचे वारस. ते एका ठरावात साधे खासदार झाले. शास्त्रीही गेले, पण जानेवारी १९६४ मध्ये नेहरू आजारी पडताच बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले. मोरारजींना कुणी बोलावले नाही. योजना मोरारजींना बाहेर काढण्यासाठीच होती की खरोखर पक्षासाठी, यावर वाद आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही. कामराजांना पक्षाची काळजी होती हे खरे, आणि त्या काळजीतच मोरारजी पंतप्रधान होऊ नयेत ही काळजीही बसत होती. राजकारणात हेतू एकटा राहत नाही, त्याला बिऱ्हाड लागते.

संरक्षणमंत्री चव्हाण जागेवर राहिले. चीनचे युद्ध ताजे होते, त्यांना हलवणे शक्यच नव्हते. त्याचा एक परिणाम मात्र झाला. पक्षाच्या यंत्रणेत शिरायची, प्रांतोप्रांती फिरून माणसे जोडायची संधी बाहेर गेलेल्यांना मिळाली. चव्हाणांना मिळाल्या सीमेवरच्या छावण्या आणि खरेदीच्या फायली. त्या ऑक्टोबरात तिरुपतीला कामराज, अतुल्य घोष, संजीव रेड्डी, निजलिंगप्पा ही मंडळी एकत्र आली. देवदर्शन झाले आणि दोन गोष्टीही ठरल्या : पक्षाध्यक्ष कामराज, आणि वेळ आलीच तर शास्त्री. पुढे ज्याला सिंडिकेट म्हणू लागले, त्याचा जन्म इथला. जानेवारीत भुवनेश्वरच्या अधिवेशनात कामराज अध्यक्ष झाले.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. गुलझारीलाल नंदांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. मोरारजींना निवडणूक हवी होती, खासदारांचे मतदान. कार्यकारिणीने निर्णय घेतला की निवडणूक नको, सर्वसंमती हवी, आणि ती अध्यक्षांनी शोधावी. मग पुढचे दोन दिवस कामराज खासदारांना, मुख्यमंत्र्यांना भेटत राहिले. कुणी खोलीत जाऊन आपले मत सांगे, कुणी पाच मिनिटे बसे, कुणी दोन. कुणी काय सांगितले हे बाहेर कुणाला कळायची सोय नव्हती. मतपत्रिका नाही, नोंदवही नाही, मोजणीला दुसरा साक्षीदार नाही. २ जूनला अध्यक्षांनी सांगितले की बहुमत शास्त्रींकडे आहे. संसदीय पक्षाच्या बैठकीत नंदांनी नाव सुचवले, मोरारजींनी अनुमोदन दिले. ९ जूनला शपथविधी झाला.

इथे बाहेर मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता मिळतात, तिथला हवालदार स्वतः एकही गाडी चालवत नाही. पण कोणत्या बाजूची गाडी आधी सुटेल, हे त्याच्या हातावर असते. कामराजांची जागा ती होती. आणि त्यांचे श्रेय मी कमी करणार नाही. ‘नेहरूंनंतर काय’ हा प्रश्न सारे जग विचारत होते, देश फुटेल असे मोठमोठे लोक लिहीत होते, आणि हे प्रकरण दोन आठवड्यांत, एकही दगड न उडता मिटले. मायकेल ब्रेशर या कॅनडातल्या अभ्यासकाने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या लिखाणात कौतुकाचा सूर आहे. तो सूर मला पटतो. पण पक्षाच्या अध्यक्षाने एकट्याने मोजायचे आणि एकट्याने आकडा सांगायचा, ही रीत एकदा रूढ झाली की पुढच्या वेळी कामराजच असतील याची खात्री कोण देणार?

आता जरा मुंबईकडे वळतो, कारण हीच रीत सह्याद्रीतही चालू होती आणि तिथे मोजणारे हात यशवंतरावांचे होते. दिल्लीला जाताना त्यांनी मुख्यमंत्रिपदासाठी पुढे केले ते मारोतराव कन्नमवारांना. २४ नोव्हेंबर १९६३ ला कन्नमवार पदावर असतानाच वारले. काही दिवस पी. के. सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले, ते अकराहून अधिक वर्षे राहिले. बाळासाहेब देसाईंसारखा दांडगा दावेदार पश्चिम महाराष्ट्रात बसलेला होता. त्याला बाजूला ठेवून एकामागून एक दोन विदर्भीय मुख्यमंत्री. नागपूर कराराचा मान राखला, विदर्भाला आपलेसे केले, हे सगळे बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट कुणी फारशी उघड बोलत नाही. कन्नमवारांकडे किंवा नाईकांकडे कोल्हापूर-सातारा-सांगलीच्या पट्ट्यातली, साखर कारखान्यांच्या आणि जिल्हा परिषदांच्या जोरावरची स्वतःची फौज नव्हती. ती यशवंतरावांची होती आणि त्यांच्या दिल्लीला जाण्याने ती कुणाला मिळायची नव्हती. वारस असा निवडावा की त्याच्या खिशात आपल्याशिवाय दुसरी यादी नसावी, हे गणित कामराजांइतकेच यशवंतरावांनाही येत होते. नाईकांनी पुढे स्वतःचे बस्तान बसवले हा त्यांचा पराक्रम.

हे लक्षात ठेवून १९६६ कडे पाहिले पाहिजे.

११ जानेवारीच्या पहाटे ताश्कंदला शास्त्री गेले. पुन्हा नंदा हंगामी, पुन्हा कामराज अध्यक्ष. या वेळी नावे होती नंदा, मोरारजी, चव्हाण आणि इंदिराबाई. अतुल्य घोषांनी स्वतः कामराजांनाच उभे राहायला सांगितले. इंग्रजी धड येत नाही, हिंदी धड येत नाही, हा देश कसा चालवू, असे म्हणून त्यांनी ते झटकले. यशवंतराव तेव्हा ५२ वर्षांचे होते आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात संरक्षणमंत्री म्हणून त्यांची प्रतिमा उजळलेली होती. चार-पाच दिवसांत त्यांचे नाव मागे पडले, त्यांनीच ते मागे घेतले. १९ जानेवारीला गुप्त मतदान झाले. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९.

यावर महाराष्ट्रात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यशवंतरावांनी म्हणे आधी इंदिराबाईंनाच विचारले, की तुम्ही उभ्या राहत असाल तर मी राहत नाही. त्यांनी विचारले आणि घोडे पेंड खाऊन गेले. विचारलेच नसते तर? मग सभागृहात एक उसासा, आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे. कुंपणावर बसणारा माणूस, ऐन वेळी कच खाणारा, मराठी माणसाचे हे असेच. आमच्याकडे हा उसासा पानिपतापासून तयारच असतो, फक्त प्रसंग बदलायचा.

मला ही गोष्ट खरी की खोटी यात रस नाही. ती खरी असली तरी तिने काही बदलले नसते, हे मला सांगायचे आहे. आकडे घ्या. १९६२ ला महाराष्ट्रातून लोकसभेच्या ४४ जागा होत्या, काँग्रेसने ४१ जिंकल्या. राज्यसभेत राज्याच्या जागा १९. सगळे एकजात काँग्रेसचे आणि एकजात चव्हाणांचे धरले तरी आकडा साठाच्या पुढे सरकत नाही. आणि एकजात ते नव्हतेच. मुंबईची प्रदेश काँग्रेस वेगळी होती आणि तिची किल्ली स. का. पाटलांकडे होती. ते यशवंतरावांसाठी बोट उचलतील असे मानणारा माणूस मुंबईत शोधावा लागला असता. मते पडली सव्वापाचशेच्या घरात. जिंकायला अडीचशेहून जास्त हवीत. म्हणजे उरलेली दोनशेवर मते बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, आंध्रातून, बंगालमधून यायला हवी होती, आणि तिथल्या याद्या तिथल्या मुख्यमंत्र्यांच्या आणि प्रदेशाध्यक्षांच्या खिशात होत्या.

या याद्या एकत्र कुठे होत होत्या? कामराजांकडे. आणि द्वारकाप्रसाद मिश्रांकडे. मी द्वारकेत बोलतो आहे म्हणून हे नाव घेत नाही, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मिश्र यांनी खरोखरच या वेळी मुख्यमंत्र्यांची मोट बांधली आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांच्या एका गटाने इंदिराबाईंना पाठिंबा जाहीर केला. महाराष्ट्राचे वजनही त्याच पारड्यात पडले. १९६४ मध्ये एकटा अध्यक्ष मोजत होता. १९६६ मध्ये मोरारजींनी मतदानाचा आग्रह धरला, तो मान्यही झाला, पण मतपेटी उघडण्याआधीच मोजणी झालेली होती. त्यातही मोरारजींना १६९ मते पडली, यावरून १९६४ च्या ‘सर्वसंमती’बद्दल ज्याने त्याने काय ते समजावे.

कामराजांना कोण हवे होते? वर्षावर निवडणूक आली होती, म्हणून देशभर ओळखीचा चेहरा हवा. मोरारजी नकोत. आणि जिची स्वतःची यादी नाही अशी व्यक्ती हवी. इंदिराबाईंकडे तेव्हा वडिलांचे नाव होते, माहिती आणि नभोवाणी खाते होते, पण एकही प्रदेश काँग्रेस त्यांच्या हुकमतीत नव्हती. चव्हाणांकडे होती. एक अख्खे राज्य, शिस्तबद्ध, कारखान्यांसह. सिंडिकेटच्या डोळ्यांनी बघा, हा माणूस मोरारजींइतकाच गैरसोयीचा होता, फक्त स्वभावाने गोड. ज्या कसोटीवर यशवंतरावांनी मुंबईत बाळासाहेब देसाईंना बाजूला ठेवले, त्याच कसोटीवर दिल्लीत ते स्वतः बाजूला राहिले. ती कसोटी त्यांना पाठ असल्यामुळेच त्यांनी चार दिवसांत नाव मागे घेतले, असे मला वाटते. कच खाल्ली हा आरोप करणाऱ्यांनी निदान बेरीज करून पाहावी. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात गोहत्याबंदीच्या मोर्चानंतर नंदा गेले आणि यशवंतराव गृहमंत्री झाले. हरलेल्या माणसाला गृहखाते मिळत नाही.

१९६७ च्या निवडणुकीत या सगळ्या मोजणाऱ्यांची मोजदाद मतदारांनी केली. कामराज स्वतःच्या विरुदुनगरात द्रमुकच्या एका विद्यार्थी नेत्याकडून हरले. दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी पाडले. बंगालमध्ये अतुल्य घोष पडले. यशवंतरावांनी नाशिक सोडले होते, ते साताऱ्यातून आले. नाशिकचा या कथेतला भाग इथे संपतो, पण कथा संपत नाही.

पडलेला माणूस अध्यक्ष म्हणून पंतप्रधान ठरवतो, हे दृश्यही आपण पाहिले. इंदिराबाई आणि मोरारजी यांच्यात पुन्हा निवडणूक होऊ नये म्हणून मध्यस्थी कामराजांनी केली, मोरारजी उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. पुढच्या जानेवारीत अध्यक्षपद निजलिंगप्पांकडे आले. आणि त्यांच्या हातात ते यंत्र मोडले.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. नवा राष्ट्रपती कोण, हा प्रश्न वरवरचा होता. आतला प्रश्न हा की बहुमत डळमळले तर सरकार बनवायला बोलावणार कोण. सिंडिकेटला राष्ट्रपतिभवनात आपला माणूस हवा होता : संजीव रेड्डी. जुलैत बंगळुरूच्या अधिवेशनात संसदीय मंडळाने बहुमताने त्यांचेच नाव ठरवले, इंदिराबाईंचा विरोध मोडून. त्या बहुमतात एक हात यशवंतरावांचा होता. त्यांनी असे का केले, यावर आजतागायत वाद आहेत. पंतप्रधानपदाचे गाजर दाखवले गेले, असे तेव्हाही बोलले जात होते. मला इतकेच दिसते की १९६६ चा धडा त्यांनी तंतोतंत गिरवला. बैठकीत आकडा कुठे आहे ते पाहिले आणि तिथे हात वर केला. बैठकीपुरते त्यांचे गणित अचूक होते.

चूक झाली ती बैठकीबाहेर. इंदिराबाईंनी १६ जुलैला मोरारजींचे अर्थखाते काढले, १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि मोजणीचे ठिकाणच बदलले. अध्यक्ष खासदारांच्या याद्या बाळगत होते, तोवर टांगेवाले आणि रिक्षावाले पंतप्रधानांच्या घराबाहेर जमू लागले. निजलिंगप्पांनी रेड्डींसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली, त्याचाच इंदिराबाईंनी उपयोग केला, सदसद्विवेकाने मत द्या म्हणाल्या, आणि ऑगस्टमध्ये व्ही. व्ही. गिरी निवडून आले. सत्ताधारी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला सत्ताधारी पक्षाच्या पंतप्रधानांनी पाडले. त्यानंतर यशवंतराव पक्ष जोडायच्या ठरावात गुंतले. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिराबाईंना पक्षातून काढले आणि संसदीय पक्षाला नवा नेता निवडायला सांगितले. बहुसंख्य खासदार काढलेल्या नेत्याबरोबरच बसले. यशवंतरावही. पुढच्या जूनमध्ये गृहखाते त्यांच्याकडून काढून अर्थखाते देण्यात आले.

कामराजांबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकते. सगळे त्यांना किंगमेकर म्हणतात, पण ज्या दोघांना त्यांनी गादीवर बसवले त्यांतली एकच पूर्ण मुदत टिकली, आणि तिने कामराजांचा पक्षच संपवला. ज्याच्याकडे यादी नाही त्याला निवडावे, या हिशेबात एक भोक आहे. यादी नसलेल्याला ती बनवायची घाई असते.

पुढचे भराभर सांगतो, कारण ते बहुतेकांनी पाहिले आहे. १९६९ वरून इंदिराबाई दोन गोष्टी शिकल्या. पक्षाध्यक्ष आपण नेमायचा, आणि १९७८ नंतर, ते पद आपल्याकडेच ठेवायचे. पक्षांतर्गत निवडणुका १९७२ नंतर थांबल्या. त्या थेट १९९२ ला झाल्या, नरसिंह राव पंतप्रधान आणि अध्यक्ष दोन्ही असताना. पुन्हा तिरुपतीला! कार्यकारिणीवर अर्जुनसिंह आणि शरद पवार भरघोस मतांनी आले, तेव्हा रावांनी सांगितले की निवडून आलेल्यांत एकही महिला नाही, दलित नाही, आदिवासी नाही. मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी राजीनामे दिले, आणि रावांनी कार्यकारिणी नव्याने भरली. कामराज योजनेचा तो धाकटा भाऊ.

त्याआधी एक वर्ष, १९९१ च्या जूनमध्ये, १९६६ ची पुनरावृत्ती झाली होती. राजीव गांधींची हत्या २१ मे ला झाली, २९ मे ला राव पक्षाध्यक्ष झाले, आणि निवडणूक संपल्यावर संसदीय पक्षाचा नेता कोण यावर पवारांनी दंड थोपटले. महाराष्ट्रातून काँग्रेसचे ३८ खासदार होते, ४८ पैकी. अध्यक्षांची यादी मोठी निघाली, पवार मागे हटले. २१ जूनला राव पंतप्रधान, आणि पवार कुठे? संरक्षण खात्यात. मुंबईत त्यांच्या जागी कोण? पुसदचे सुधाकरराव नाईक, वसंतरावांचे पुतणे. इतिहासाला कधीकधी कल्पनाशक्तीचा दुष्काळ पडतो. १९९७ ला पवार थेट अध्यक्षपदालाच उभे राहिले, विद्यमान अध्यक्ष सीताराम केसरींविरुद्ध : केसरी ६२२४, पवार ८८२, राजेश पायलट ३५४. मतदार कोण, तर प्रतिनिधी. प्रतिनिधींची यादी ज्याच्याकडे, तोच उमेदवार. दोन वर्षांनी पवारांनी राष्ट्रवादी हा स्वतःचा पक्ष काढला, तिथे ते पहिल्या दिवसापासून अध्यक्ष होते.

प्रादेशिक पक्षांत तर मोजायची गरजच उरली नाही. ३० जानेवारी २००३ ला महाबळेश्वरला शिवसेनेच्या शिबिरात उद्धव ठाकरेंना कार्याध्यक्ष करावे असा प्रस्ताव आला, मांडला राज ठाकरेंनी. वारसाचे नाव प्रतिस्पर्ध्याच्याच तोंडून वदवून घेणे, यात कामराजांचे १९६४ दिसते : तेव्हाही अनुमोदन मोरारजींचेच होते. मोरारजी पाच वर्षे थांबले, राज तीन वर्षेही थांबले नाहीत. राष्ट्रवादीत २ मे २०२३ ला पवारांनी यशवंतराव चव्हाण सेंटरच्या व्यासपीठावरून अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. नवा अध्यक्ष ठरवायला समिती नेमली गेली. ५ मे ला समितीने राजीनामाच नाकारला. १० जूनला सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल कार्याध्यक्ष झाले, २ जुलैला अजित पवारांनी शपथ घेतली, आणि ८ जुलैला पवारांची पहिली सभा झाली ती आपल्या जिल्ह्यात, येवल्यात, छगन भुजबळांच्या मतदारसंघात. भुजबळ तोवर अजित पवारांच्या बाजूला गेले होते.

‘कार्याध्यक्ष’ हे पद मराठी राजकारणाने फार हुशारीने वापरले आहे. अध्यक्ष आहेच, जागा रिकामी नाही, म्हणून निवडणूक नाही. तरी वारस दिसतो. तो दिसतो म्हणून इतरांनी आशा सोडावी, आणि ठरलेला नाही म्हणून कुणी बंड करू नये, अशी दुहेरी सोय. ती सोय अध्यक्षाची असते. पक्षाची किती, याचे उत्तर निवडणूक आयोगाने दोनदा दिले.

१७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेच्या आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीच्या प्रकरणात आयोगापुढे प्रश्न एकच होता : खरा पक्ष कोणता? कायद्याने असा वाद सोडवायच्या कसोट्यांत एक असते संघटनेतल्या बहुमताची. दोन्ही वेळी आयोगाला ती लावता आली नाही. शिवसेनेची २०१८ ची सुधारित घटना आयोगाच्या दप्तरात नव्हती आणि तिच्यात लोकशाही नाही, असे आयोगाने म्हटले. राष्ट्रवादीत दोन्ही गटांचे संघटनेतले दावे भरवशाचे ठरले नाहीत. मग उरली विधिमंडळातली संख्या. शिवसेनेच्या निवडून आलेल्या ५५ आमदारांपैकी ४० एकनाथ शिंदेंकडे होते, त्या ५५ जणांना पडलेल्या मतांतली सुमारे ७६ टक्के मते या ४० जणांची होती. धनुष्यबाण हे चिन्ह तिकडे गेले. राष्ट्रवादीचे घड्याळ पुढच्या वर्षी अजित पवारांकडे गेले, त्याच हिशेबाने.

१९६६ मध्ये ज्या आकड्याने यशवंतरावांना थांबवले, तो किमान संसदीय पक्षात मोजला गेला होता. २०२३ मध्ये नाशिकच्या एखाद्या शाखेत तीस वर्षे खुर्च्या मांडलेल्या कार्यकर्त्याला मोजायला आयोगाकडे रकानाच नव्हता, कारण पक्षाने तो कधी आखलेला नव्हता. आमदारांचा रकाना मात्र छापील आणि तयार होता, आणि ज्याने तो आधी भरून आणला त्याला चिन्ह मिळाले.